क्रोशाची नऊवारी बाहुली : जूनपासून डिसेंबरपर्यंत

क्रोशाची सुई शाळेच्या दिवसांपासून माझ्या हातात आहे, परंतु तिच्यावर आजवर जे काही उतरले ते सगळे सपाट होते. थालपोस (ताटावर घालायचे विणलेले झाकण), रुमाल, दाराचे तोरण आणि भाचीच्या लग्नात रुखवतावर मांडलेला टेबलक्लॉथ ही माझी मजल. जून २०२४ मध्ये त्याच भाचीचा म्युनिकहून फोन आला. तिची मुलगी डिसेंबरच्या मध्यावर तीन वर्षांची होणार होती, आणि पुण्यातल्या एका लग्नात नऊवारी नेसलेल्या बायका पाहून गेल्यापासून तिला ‘तशी बाहुली’ हवी होती. मी होकार दिला आणि त्यानंतरचे जवळपास सहा महिने त्या बाहुलीबरोबर काढले. सपाट विणकाम येते पण बाहुलीला हात घालायला धजत नाही, अशा माझ्यासारख्या अनेकजणी आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी हा क्रम जसा घडला तसा लिहीत आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. बाहुली विणणे हा मोजणीचा प्रश्न आहे आणि मोजणी जमणाऱ्याला ती जमते; खरा वेळ आणि खरी डोकेफोड कपड्यांची असते. म्हणून बाहुलीचा पहिला टाका घालण्याआधी तिचे कपडे ठरलेले असावेत.

भाचीने तीन अटी घातल्या होत्या. साडी काढता-घालता आली पाहिजे, सगळे धुता आले पाहिजे, आणि मणी, बटणे किंवा प्लॅस्टिकचे डोळे कुठेही नकोत. तिसरी अट मुलीच्या धाकट्या भावामुळे होती. तो तेव्हा जेमतेम बसायला लागला होता आणि हाताला येईल ते तोंडात घालत होता. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटून घशात अडकतील असे लहान भाग असू नयेत, हा युरोपातील खेळण्यांच्या सुरक्षेचा मूळ नियमच आहे. मी बाहुली विकणार नव्हते, तरी नियमामागचे कारण माझ्यासाठीही तेवढेच खरे होते. “मावशी, नथ तरी मोत्यांची कर ना,” असे भाची मध्येच म्हणाली, तेव्हा मीच तिला म्हटले, “अगं, अट तुझीच आहे, आता नथही दोऱ्याचीच होईल.”

विणायला बसण्यापूर्वी मी एका मोठ्या कागदावर बाहुलीचे पूर्ण मापाचे चित्र काढले. उंची ३० सेंटिमीटर, डोके साधारण ७ सेंटिमीटर रुंद, आणि त्यावर दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने साडी, चोळी, अंबाडा आणि चपला. चित्रकला अजिबात येत नसली तरी चालते. या कागदामुळे पुढे किती टाके, किती फेऱ्या, हे सारे मोजपट्टी लावून ठरवता आले. चपला घालायच्या म्हणजे पायाला तळवा हवा, चोळीला बाही हवी म्हणजे हात फार जाड नकोत, आणि काष्टा नीट बसायचा तर दोन पायांत थोडी फट हवी, हे सगळे त्या चित्रातच दिसले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेत जाऊन सामान आणले. लोकर घ्यावी की सुती दोरा, यावर दुकानातच बराच विचार केला. अ‍ॅक्रिलिक लोकर स्वस्त आणि हाताला मऊ असते, परंतु मुलांच्या हाताळण्याने तिच्यावर गोळे येतात आणि ती ताणली जाते. सुती दोरा विणताना बोटांना कष्ट देतो, पण टाका स्पष्ट दिसतो, आकार टिकतो आणि धुण्याला तो पुरून उरतो. मी चारपदरी सुती दोरा घेतला. ‘स्किन कलर’ मागितला की पुढ्यात गुलाबी छटा येते; गव्हाळ रंग हवा असेल तर तो बोलण्यातून मागू नये, सगळ्या बदामी आणि खाकी छटा उजेडात नेऊन स्वतःच्या मनगटावर ठेवून पाहाव्यात. अंगासाठी १०० ग्रॅमच्या दोन गुंड्या घेतल्या, कारण एकाच रंगाची नंतर आणलेली गुंडी हमखास किंचित वेगळी निघते. केसांसाठी काळा, चपलांसाठी तपकिरी, आणि हिरवा, पिवळा, पांढरा हे रंग थोडे थोडे घेतले. साडीसाठी मात्र मर्सराइज्ड (चमक आणि मजबुती येण्यासाठी प्रक्रिया केलेला) बारीक, २० नंबरचा दोरा घेतला. त्याचे कारण पुढे येईलच. भरण्यासाठी पाव किलो फायबरचा कापूस, एक बोथट टोकाची मोठी सुई आणि खुणेच्या पिना मिळून सगळा खर्च दीड हजार रुपयांच्या घरात गेला. सुया घरी होत्याच.

घरी आल्यावर गडद रंगांची परीक्षा घेतली. प्रत्येक रंगाचा वीतभर तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवला. साडीसाठी मनात धरलेल्या डाळिंबी दोऱ्याने रुमालावर गुलाबी रेघ सोडली, म्हणून तो बाजूला काढला आणि साडी हिरवी ठरली. धुतल्यावर गव्हाळ पाय डाळिंबी होणार असतील, तर ते एका रात्रीत आणि एका रुमालावर कळलेले बरे.

विणकामाच्या दृष्टीने बाहुलीत आणि थालपोसात एक मोठा फरक आहे. थालपोस खांबांवर चालतो, म्हणजे सुईवर आधी दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांवर; बाहुली मुक्या खांबावर, म्हणजे वेढा न घेता घातलेल्या बुटक्या, दाट टाक्यावर. खांबाच्या वर्तुळात दर फेरीला १२ टाके वाढवले की ते सपाट राहते, मुक्या खांबाच्या वर्तुळात ६ पुरतात. सुरुवात सरकत्या कड्यात (टोक ओढले की मिटणाऱ्या दोऱ्याच्या फासात) ६ मुक्या खांबांनी करायची, पुढच्या फेऱ्यांत १२, १८, २४ असे वाढत जायचे. वाढ थांबवली की कडा वर वळू लागते आणि वाटी तयार होते, घट सुरू केली की वाटी मिटत जाते. बाहुलीचा एकूण एक अवयव या तीन क्रियांतून निघतो. फेरी साखळी घालून बंद करायची नसते, न जोडता तशीच चक्राकार चालू ठेवायची असते. त्यामुळे फेरीचा पहिला टाका कोणता हे डोळ्यांना कळत नाही आणि खुणेची पिन दर फेरीला पुढे सरकवावी लागते. ही पिन वगळू नये, मग हात कितीही बसलेला असो.

दुसरी गोष्ट घट्टपणाची. दोऱ्याच्या वेष्टनावर साडेतीन किंवा चार मिलिमीटरची सुई लिहिलेली असते, ती स्वेटरसाठी योग्य. बाहुलीला अडीच मिलिमीटरची सुई लागते, नाहीतर टाक्यांच्या फटींतून पांढरा कापूस डोकावतो. या घट्ट विणीने अंगठा आणि मनगट भरून येतात. मी एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त विणले नाही आणि मध्ये मध्ये कोमट पाण्यात हात बुडवले. दोरा सुईवर कसा घेतो यानेही फरक पडतो. सुईच्या वरून वेढा घेतला तर टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, दोरा सुईच्या आकड्याने खालून ओढला तर टाका फुलीसारखा आणि अधिक घट्ट बसतो. मी फुलीचा टाका निवडला. कोणताही चालतो, परंतु डाव्या पायाला एक आणि उजव्याला दुसरा असे झाले तर पायांची लांबी वेगळी होते.

पायांपासून सुरुवात केली. तळव्यासाठी ६ साखळ्यांभोवती दोन्ही बाजूंनी विणत अंडाकृती आकार घेतला, तो २४ टाक्यांपर्यंत नेला, दोन फेऱ्या सरळ विणल्या आणि मग फक्त पुढच्या बाजूने टाके घटवत घोट्याशी १८ वर आणले. घटवताना दोन टाक्यांच्या केवळ पुढच्या कडांतून सुई घालून एकत्र विणले तर घट दिसत नाही. सपाट विणकामातली नेहमीची घट येथे गाठीसारखी वर येते. पुढे १८ टाक्यांवर सरळ फेऱ्या, पाय बारा सेंटिमीटरचा होईपर्यंत. पहिला पाय विणताना अपूर्वाई असते, दुसरा पाय हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. तो टाळायचा मोह होतो आणि अनेकींची बाहुली एका पायावर महिनोन् महिने कपाटात राहते. मी दुसऱ्या पायाला आषाढी एकादशीच्या दिवशी सुरुवात केली आणि पहिला पाय समोर ठेवून प्रत्येक पाचव्या फेरीला दोन्ही शेजारी धरून पाहिले. पहिल्या पायाच्या फेऱ्या कागदावर लिहिलेल्या असल्या तरी डोळ्यांनी केलेली ही तुलना अधिक भरवशाची वाटली.

दोन पाय जोडताना मध्ये ३ साखळ्या घातल्या. पहिल्या पायाचे १८, साखळीच्या एका बाजूचे ३, दुसऱ्या पायाचे १८ आणि साखळीच्या दुसऱ्या बाजूचे ३ असे ४२ टाके कंबरेला मिळाले. त्या ३ साखळ्यांची फट काष्ट्यासाठी राखलेली होती. येथे एक बारीक अडचण येते आणि ती कोणत्याही कृतीत नीट लिहिलेली नसते. चक्राकार विणीत टाका दर फेरीला थोडा थोडा तिरका सरकतो, त्यामुळे जोडायच्या वेळी फेरीची सुरुवात पायाच्या मागे नसते, बाजूला गेलेली असते. पायांचे चवडे समोर येतील असे दोन्ही पाय टेबलावर धरावेत, आतल्या बाजूचा नेमका टाका पिनेने खुणावावा आणि तेथपर्यंत पोहोचायला लागतील तेवढे जास्तीचे टाके विणून मगच साखळी घालावी. हेच सरकणे पुढे हात शिवताना आणि चेहरा मांडताना पुन्हा आडवे येते. तेव्हाही फेरीच्या खुणेवर विसंबू नये, चवड्यांकडे पाहावे.

धड आणि डोके मी सलग विणले. ४२ टाक्यांवर सरळ फेऱ्या, मग हळूहळू घट करत मानेशी १८, आणि तेथून लगेच पुन्हा वाढवत ४८ पर्यंत डोके. डोके वेगळे विणून शिवले तर ते डुगडुगते. सलग विणले तरी मान लवचिक राहतेच. बाजारातल्या बाहुल्यांत मानेत लाकडी काडी किंवा तार घालतात, लहान मुलाच्या बाहुलीत ती नको. मी मानेत कापसाच्या लहान लहान चिमटी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कोंबत गेले, मान दगडासारखी टणक होईपर्यंत. कापूस एकदम मूठभर भरला तर गाठी होतात आणि त्या कायम दिसत राहतात. कापूस भरणे हे विणण्याइतकेच संथ काम आहे, ते घाईच्या दिवशी काढू नये.

स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत डोके मिटण्याच्या बेतात आले आणि चेहऱ्याशी मी अडले. आतापर्यंत हातात एक आकार होता, त्याला डोळे द्यायचे म्हणजे तो कोणीतरी होणार, आणि त्या भीतीने मी दोन-तीन दिवस नुसतीच पिना टोचून पाहत राहिले. शेवटी डोके पूर्ण भरून, वरचे भोक उघडे ठेवून, काळ्या पिनांनी डोळ्यांच्या जागा ठरवल्या. डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली आणि एकमेकांपासून दूर असले की चेहरा लहान मुलीचा दिसतो. वर आणि जवळ घेतले की बाई वयस्कर आणि जरा रागीट होते. मी मधली जागा निवडली. डोळे काळ्या दोऱ्याने भरून काढले, कडेला पांढऱ्याचा एकच टाका घातला, नाकासाठी गव्हाळ दोऱ्याचेच तीन-चार टाके एकावर एक घेतले, आणि ओठ एका छोट्या लाल टाक्यात उरकले. चेहऱ्याचे टाके उघड्या भोकातून आत सुई नेऊन घालावेत, म्हणजे गाठी आत राहतात. चेहरा झाल्याचे फोटो भाचीला लगेच पाठवू नयेत, असा माझा सल्ला आहे. मी एक रात्र थांबले, सकाळी पाहिल्यावर डावी भुवई उसवून पुन्हा घातली आणि मग फोटो पाठवला.

केसांसाठी काळ्या दोऱ्याची टोपी विणून ती डोक्यावर शिवली आणि तिच्यावर कपाळापासून मागे जाणारे दोऱ्याचे पदर एक एक करून टाचले. मधला भांग पाडायचा तर टोपीच्या मध्यावर आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्ची रेघ मारून घ्यावी. अंबाडा म्हणजे २४ टाक्यांची एक वाटी, थोडा कापूस आणि तिच्यावर गोल फिरवलेले पदर. त्याच्याभोवती गजरा : पांढऱ्या बारीक दोऱ्याची साखळी आणि दर दोन टाक्यांनंतर ३ साखळ्यांचे टोक, मध्येच चार ठिकाणी अबोलीच्या रंगाचे टाके. हा गजरा एका संध्याकाळी होतो आणि बाहुलीत सर्वांत आधी लोकांचे लक्ष त्याच्याकडेच जाते.

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्याआधी बाहुली अंगाने पूर्ण झाली, हात तेवढे शिवायचे ठेवले. मला वाटत होते की अर्ध्याहून अधिक काम संपले. प्रत्यक्षात तिसरा हिस्साही झाला नव्हता.

नऊवारीचे गणित मी कागदावर मांडले. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, आणि नेसणारी बाई साधारण १५५ सेंटिमीटर उंच धरली तर साडी तिच्या उंचीच्या सव्वापाचपट लांब होते. तोच हिशेब ३० सेंटिमीटरच्या बाहुलीला लावला तर साडी दीड मीटरहून लांब आणि वीतभर रुंद हवी. तेवढे विणायला हरकत नव्हती, प्रश्न जाडीचा होता. साडीची लांबी-रुंदी कमी करता येते, दोऱ्याची जाडी त्या प्रमाणात कमी होत नाही. मी चारपदरी दोऱ्याचा एक नमुना विणून त्याच्या निऱ्या घालून पाहिल्या, तर त्या बाहुलीच्या पोटासमोर गादीसारख्या उभ्या राहिल्या. बारीक दोरा, त्याच्या मानाने थोडी मोठी सुई आणि मुक्या खांबाऐवजी खांब घेतले की विणलेले कापड लोंबते आणि चुण्या पडू देते. म्हणून २० नंबरचा दोरा. तरीही दीड मीटर कापड कंबरेभोवती गुंडाळले की कंबर डोक्याएवढी होते, हे सुती ओढणीची पट्टी गुंडाळून आधीच तपासले होते.

मार्ग शिवलेल्या नऊवारीने दाखवला. हल्ली लग्नाकार्यांत ज्या तयार नऊवारी मिळतात, त्या शिंपी पायजम्यासारख्या शिवतात, आणि निऱ्या, काष्टा आणि पदर त्याच्यावर जोडलेले असतात. शेजारच्या मुलीची अशी एक साडी मागून आणली, उलटी करून शिवणी पाहिल्या आणि तीच रचना विणीत उतरवली. प्रथम दोन सैल पायांचा आणि वर घट्ट पट्टीचा पायजमा विणला. पट्टीसाठी पुढचा खांब-मागचा खांब अशी आळीपाळीने वीण घेतली, ती ताणते आणि पुन्हा आवळते, त्यामुळे इलॅस्टिक किंवा नाडी लागली नाही. मग निऱ्यांसाठी ३० सेंटिमीटर रुंद पट्टा विणून त्याच्या चुण्या कच्च्या टाक्यांनी बांधल्या आणि पुढे पट्टीच्या आत शिवल्या. काष्ट्याचा निमुळता पट्टा खालून मागे नेऊन पाठीशी खोचला, म्हणजे खोचल्यासारखा दाखवून शिवला. पदर मात्र मोकळा ठेवला. तो मागून कंबरेवरून येतो, छातीवरून डाव्या खांद्यावर जातो आणि खांद्याशी चोळीवरच्या एका दोऱ्याच्या फासात अडकतो. लहान मुलीला एवढेच नेसवणे पुरते आणि ते तिला जमते.

काठासाठी दोन ओळी पिवळ्या आणि एक लाल असे ठरवले होते. जरीचा दोरा मी मुद्दाम टाळला, कारण तो गालाला टोचतो आणि त्याचे बारीक तंतू सुटतात. काठ सर्वांत शेवटी भोवताली विणता येतो, परंतु पदराचे काठ आधी आणि निऱ्यांचे चुण्या घालण्यापूर्वी विणावे लागतात. साडीचे हे चारही भाग विणण्यात गणपती, पितृपंधरवडा आणि नवरात्राचे पहिले दिवस गेले. निऱ्यांचा पट्टा दोनदा उसवला. तो बाहुलीच्या पायापेक्षा एक बोट लांब हवा की आखूड, हे नेसवल्याखेरीज कळत नाही. आखूडच बरा, चपला दिसतात.

चोळी त्या मानाने सरळ आहे. मागे उघडी, दोन दोऱ्यांच्या गाठी फासात अडकवायच्या, कोपरापर्यंत बाही. हात मी चोळी पूर्ण झाल्यावरच शिवले, आणि हाच निर्णय मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटला. हात आधी शिवले असते तर चोळीला हातांच्या जागेशी जुळवून घ्यावे लागले असते. हातांत कापूस कोपरापर्यंतच भरला, वर मोकळे ठेवले, म्हणजे ते खाली पडतात आणि बाही सहज चढते.

दागिने दोऱ्याचे करायचे ठरल्यावर काम कमी होईल असे वाटले होते. ठुशी पिवळ्या दोऱ्याच्या लागोपाठच्या फुगीर टाक्यांची, मागे गाठ मारून मानेला पक्की शिवलेली. हिरव्या बांगड्या म्हणजे साखळीची तीन तीन कडी, मनगटावर टाचलेली, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या पाटल्या. कपाळावर चंद्रकोर लाल दोऱ्याच्या पाच टाक्यांची. नथीने मात्र पूर्ण दुपार खाल्ली. डाव्या नाकपुडीच्या बाजूला, गालावर सपाट, पिवळ्या दोऱ्याचा कोयरीसारखा वेढा, आत पांढऱ्या दोऱ्याच्या गाठींचे मोती आणि मध्ये एक लाल गाठ. गाठी मोठ्या झाल्या की चेहरा झाकला जातो, म्हणून दोऱ्याचे पदर सुटे करून एकाच पदराने काम केले. उठून दिसणारी मोत्याची नथ ती नाही, परंतु ओढून निघत नाही.

कोल्हापुरी चपला तपकिरी दोऱ्याच्या. तळव्याच्याच कृतीने दोन अंडाकृती पट्ट्या विणून एकमेकींना जोडल्या, म्हणजे तळ जाड होतो. बाहुलीला बोटे नसल्यामुळे अंगठ्याचा पट्टा आडव्या पट्ट्यातच शिवला. त्यांच्या शेंड्यावर लाल गोंडा हवाच होता. शेवटी भाचीच्या आग्रहाखातर म्युनिकच्या थंडीसाठी एक पांढरे स्वेटर आणि कानटोपी विणली. अंबाड्यामुळे कानटोपीला मागे भोक ठेवावे लागले.

दसऱ्यापर्यंत हे आटोपले. घरी आलेल्या दोघींनी अशाच बाहुल्या करून विकण्याचे सुचवले, म्हणून त्याची चौकशी केली. खेळण्यांवरील गुणवत्ता नियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट दिलेली आहे. ज्यांना विक्री करायची आहे त्यांनी आधी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही कारागीर नोंदणी आणि ओळखपत्र यांची माहिती घ्यावी. माझा तसा विचार नाही. सहा महिन्यांच्या कामाची किंमत सांगायला माझे तोंड उघडणार नाही.

टपालाची तयारी दिवाळीनंतर केली. पाठवण्याआधी बाहुली आणि कपडे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवले. आतला कापूस वाळायला दोन दिवस लागतात, आणि ओलसर बाहुली खोक्यात बंद केली तर वास येतो. जवळच्या लहान टपाल कार्यालयात परदेशी पार्सल घेत नाहीत असे कळल्यावर ११ नोव्हेंबरला, सोमवारी, मोठ्या कार्यालयात गेले. खोके उघडेच न्यावे, कर्मचारी आतील वस्तू पाहतात, चिकटपट्टी मात्र सोबत ठेवावी. आधार कार्डाची प्रत, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता, जर्मनीचा पाच आकडी पिनकोड, घेणाऱ्याचा फोन आणि ईमेल हे सगळे कागदावर लिहून नेल्यामुळे काम लवकर झाले. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात वस्तूचे वर्णन नेमके लागते. नुसते ‘भेटवस्तू’ चालत नाही. मी ‘हाताने विणलेली सुती बाहुली व तिचे कपडे’ असे इंग्रजीत लिहिले, खेळण्यांचा ९५०३ हा वर्गक्रमांक घातला, भेट या रकान्यावर खूण केली आणि किंमत साहित्याच्या खर्चाएवढी म्हणजे १,५०० रुपये दाखवली. खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट युरोपीय संघात करमुक्त आहे, त्यामुळे भाचीला काही भरावे लागले नाही. टपाल खर्च जवळजवळ साहित्याच्या खर्चाएवढा झाला. पावती सांभाळून ठेवावी, माग काढण्याचा क्रमांक तिच्यावरच असतो.

खोके मुंबईहून निघाल्याचे लगेच दिसले आणि नंतर बरेच दिवस पडद्यावर एकच ओळ राहिली. या काळात रोज पाहू नये, असे मी स्वतःला सांगत होते आणि रोज पाहत होते. जर्मनीच्या सीमाशुल्कात ते थांबले, सुटले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वाढदिवसाच्या आधी, पोहोचले. बाहुलीबरोबर मी मराठीत एक चिठ्ठी ठेवली होती : थंड पाण्यात हाताने धुवावे, पिळू नये, टॉवेलात दाबून पाणी काढावे, निऱ्यांचा कच्चा दोरा ओढू नये.

जानेवारीत भाचीने कळवले की पदर चांगला टिकला आहे, काष्टाही जागेवर आहे, स्वेटर नऊवारीवरच घातले जाते आणि डाव्या पायाची कोल्हापुरी बालवाडीत कुठेतरी हरवली आहे. नवी विणून तयार आहे. ती पाकिटात घालून पाठवावी असे मनात आले, पण दोऱ्याची असली तरी चप्पल ही वस्तू आहे, कागदपत्र नाही, म्हणजे पुन्हा घोषणापत्र आणि रांग आलीच. भाचीचे सासू-सासरे मार्चमध्ये जाणार आहेत, त्यांच्या बॅगेत ती जाईल. या वेळी मी तीन चपला विणल्या आहेत, दोन डाव्या आणि एक उजवी.